गोलच्या मागचे काका

काका समोरच्या संघाच्या गोलकीपरला 'अहो' म्हणत. मैदानाच्या कडेला बाकीचे लोक घसा फोडून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत असायचे, आणि हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून, गोलच्या जाळीमागे उभा राहून अदबीने म्हणायचा, "अहो गोलकीपर, जरा डावीकडे सरकता का? नाही, आमची घाई नाही, सावकाश सरका." गोलकीपर बिचारा वळून बघायचा. कुणी शिवी दिली असती तर परत देता आली असती. याला काय परत देणार?

त्यांचं शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान होतं, आमच्या घराच्या अगदी समोर. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहत. पेठेत फुटबॉलचा क्लब होता हे सांगितलं की अजूनही लोक हसतात. फुटबॉल कॅम्पातल्यांनी खेळावा, खडकी-दापोडीच्यांनी खेळावा. पेठेतल्या मुलांनी फार तर क्रिकेट खेळावं आणि गणितात मार्क मिळवावेत, अशी रीत. तरी आमच्याकडे क्लब होता, मरून रंगाची जर्सी होती, आणि माझा दादा त्यात राइट बॅक खेळायचा. खेळायचा म्हणजे उजव्या बाजूला उभा असायचा. त्याच्याबरोबर मी मैदानावर जायला लागले आणि काकांच्या शेजारी उभी राहायला लागले. दादा पुढे अमेरिकेला गेला आणि फुटबॉल विसरला. मी कर्वेनगरला सासरी गेले, शाळेत शिकवायला लागले, दोन मुलं झाली, पण रविवारी सकाळी स्कूटर मैदानाकडेच वळायची. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं की रविवारी सकाळी मी घरी नसते, तेव्हा त्याला वाटलं भजनाला जात असेन. खरं कळल्यावर तो म्हणाला, "भजन परवडलं असतं."

आमचा क्लब हरायचा. अधूनमधून नव्हे, नेमाने. चुकून एखादा सामना जिंकलो तर आमचेच खेळाडू रेफ्रीकडे संशयाने बघायचे. पाच-शून्यने हरल्यावर काका रुमालाने कपाळ टिपत म्हणत, "आपला खेळ छान झाला. गोल त्यांचे जास्त झाले एवढंच." आणि रेफ्रीने ढळढळीत पेनल्टी नाकारली की ते खिशातून दुकानाचं कार्ड काढून लाइनमनच्या हातात देत. "तुमच्या साहेबांना द्या. रविवारी दुकान बंद असतं, पण त्यांच्यासाठी उघडीन." पुण्यातल्या निम्म्या रेफ्रींकडे ते कार्ड होतं. त्यातले दोघे-तिघे खरोखरच दुकानात येऊन चष्मा करून गेले, आणि काकांनी त्यांना चहाही पाजला.

हाफ टाइमला संघ बाजू बदलतात, म्हणजे समोरचा गोलकीपर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातो. मग काकाही निघत. सरळ कडेने गेलं असतं तर लगेच पोचले असते, पण ते मुद्दाम लांबच्या बाजूने, समोरच्या संघाच्या बाकासमोरून जात. तिथल्या कोचला नमस्कार, राखीव खेळाडूंची चौकशी, चहावाल्याकडे एक कप. "काय हो, तुमच्या भावाचं लग्न ठरलं म्हणे?" "पाय बरा आहे का आता? त्या डॉक्टरकडे परत जाऊ नका." ही चौकशी आटपेपर्यंत दुसरा हाफ सुरू झालेला असायचा. मी वैतागायचे. "काका, कॉर्नर झाला, आपण अजून चहावाल्यापाशीच." ते म्हणत, "अगं सुधा, ओळख करून घ्यायला नको का? अनोळखी माणसाला टोमणा मारणं म्हणजे नुसता उद्धटपणा. ओळखीच्याला मारला तर त्याला कळतं तरी की आपलं लक्ष आहे." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटायचं. पुणेकरांना टोमण्यांचं समर्थन करायला कारणं लागतातच.

काकू गेल्या त्या वर्षी मला वाटलं, आता काका मैदानावर यायचे नाहीत. दोघांना एकमेकांचीच सोबत होती. मुलगा बिबवेवाडीला, त्याच्या संसारात. दिवसकार्य झालं आणि पुढच्याच रविवारी बघते तर काका जाळीमागे उभे. तोच इस्त्रीचा शर्ट, पण इस्त्री स्वतः केलेली, कॉलरला सुरकुती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. काका गोलकीपरला काहीच बोलेनात. पहिला हाफ अर्धा होऊन गेला. खडकीच्या संघाचा गोली बरीच वर्षं काकांचे टोमणे ऐकून घेत आलेला, दाढी पिकायला लागलेला माणूस. बॉल लांब गेल्याचं बघून तो जाळीपाशी आला आणि मागे न बघताच म्हणाला, "काका, आज काही बोलत नाही तुम्ही." काकांनी घसा साफ केला. "बोलतो ना. तुम्ही आधी बुटाची नाडी बांधा, नाहीतर पडाल आणि नाव माझं येईल." तो खाली वाकला, नाडी बांधली. मी तोंड फिरवून झाडाकडे बघत बसले, कारण मला रडू आवरेना. त्या दिवशी कळलं की या माणसाला उभं राहायला ही एवढी जागा आहे. ती गेली तर मग काय, हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

पुढे क्लबाच्या जुन्या मंडळींची वयं झाली. सामने ठरवणं, मुलं जमवणं त्यांना झेपेना, म्हणून त्यांनी क्लब एका ॲकॅडमीला चालवायला दिला. वाईट काही झालं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की आता कुणीतरी खलनायक येणार. ॲकॅडमीची माणसं कामाची होती. केरळ, मिझोराम, गोवा, कुठून कुठून मुलं आली, वसतिगृहात राहू लागली. पांढऱ्याशुभ्र बुटांची, कमावलेल्या पायांची ती मुलं काय सुरेख खेळायची. एका हंगामापुरती यायची, पुढच्या हंगामाला दुसरी.

त्या नव्या संघाचा पहिला सामना. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे पोचलो, मरून जर्सी पाहिली, आणि समोरच्या संघाच्या, म्हणजे पोपटी जर्सीवाल्यांच्या गोलमागे जाऊन उभे राहिलो. गोली नवा, पोरसवदा. काका फॉर्मात होते. "अहो, हातमोजे नवे दिसतायत. बॉल लागला तर मळतील, जपा." मुलाला मराठी कळत नसावं, पण सूर कुठल्याही भाषेत कळतो. तो सारखा मागे बघायला लागला. तेवढ्यात लांबून एक साधा फटका आला आणि त्याच्या हातातून निसटून जाळीत गेला. काकांनी क्लबाचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मुलाने बॉल काढला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "अंकल, मैं तो आप ही के टीम का हूँ। मुझे क्यों बोल रहे हो?"

जर्सी बदलली होती. आमची आता पोपटी, आणि योगायोग असा की मरून घातलेले ते दापोडीकडचे कुणी होते. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगावं असं आम्ही कोण होतो? अर्धा तास आम्ही आमच्याच गोलीला छळत होतो. आसपासचे हसले, मी हसले, काकाही हसले. त्यांनी त्या मुलाला हात जोडले, "सॉरी बेटा, गलती हो गयी." चष्म्याच्या दुकानदाराला संघ दिसला नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पेठेत सगळीकडे झाली असेल. पण हाफ टाइमची शिट्टी झाली आणि काका निघाले नाहीत. मैदानाकडेच्या पायरीवर बसले. मी विचारलं, "जायचं ना पलीकडे?" ते म्हणाले, "कुठल्या बाजूला?"

त्यानंतर काही रविवार ते आले. जाळीमागे उभे राहायचे, बोलायचे नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, बोला की काहीतरी. तो समोरचा गोली झोपलाय नुसता." ते म्हणाले, "काय बोलू? त्याचं नाव मला माहीत नाही, गाव माहीत नाही. नाव कळेपर्यंत तो निघून जाणार." मग एका रविवारी मी त्यांना न्यायला दुकानापाशी गेले, तर काका आंघोळ करून, बूट घालून खुर्चीत बसलेले. मला म्हणाले, "तू जा. मी आज येत नाही."

"बरं नाही का?"

"बरं आहे, तीच तर काळजी आहे. पाय दुखत नाहीत, ऊन लागत नाही, काही नाही. नुसतं जावंसं वाटत नाही."

"त्या लोकांचा राग आलाय तुम्हाला."

"राग आला असता तर येऊन भांडलो नसतो का? मी सकाळी उठलो, बूट घातले, आणि वाट बघत बसलो की आता आतून काहीतरी येईल. आलंच नाही गं. मलाच भीती वाटली."

मी त्यांच्यावर आवाज चढवला. शाळेतली सवय, दुसरं काय. म्हटलं, इतकी वर्षं हरताना उन्हातान्हात आलात, आता मुलं जिंकायला लागली तर तुम्हाला घरी बसायचंय, हा काय न्याय झाला. ते शांतपणे म्हणाले, "हरत होतो तेव्हा जायलाच लागायचं. आपण नसतो गेलो तर त्या पोरांकडे बघायला कोण होतं? यांचं माझ्यावाचून अडत नाही. चांगलंच आहे ते." आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

पुढे त्यांनी दुकान बंद केलं आणि बिबवेवाडीला मुलाकडे राहायला गेले. मी मात्र हट्टाने मैदानावर जात राहिले. एकटीच, जाळीमागे. कुणीतरी जायला हवं, असं स्वतःला बजावत. आणि मग ते झालं, जे बघायला आम्ही जन्मभर उभे होतो. आमचा क्लब लीग जिंकला. ढोल वाजत होते, पोपटी धूर सोडत होते, मुलं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. मी तिथूनच काकांना फोन लावला.

"काका, जिंकलो. लीग जिंकलो आपण."

"अरे वा." खरोखर आनंद झाला होता त्यांना. "गोल कुणी मारला?"

मी मैदानाकडे बघितलं. तो मुलगा मला दिसत होता, खांद्यावर घेऊन नाचवत होते त्याला. हसताना त्याचा एक दात पुढे यायचा. वर्षभर मी त्याला बघत होते. त्याचं नाव मला माहीत नव्हतं. दुसऱ्याचंही नाही, गोलीचंही नाही. एकाचंही नाही.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"राहू दे," काका म्हणाले. "नाचू दे त्यांना. तू जेवलीस का?"

मी स्कूटर काढली आणि तडक बिबवेवाडीला गेले. वाटेत पेढे घेतले. काकांनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा कागदावर ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला वाईट वाटतंय. म्हणजे तुझं अजून शिल्लक आहे. जात जा तू."

मग मला राहवेना. म्हटलं, "काका, मी फुटबॉलसाठी जात नव्हते. मला ऑफसाइड अजून नीट कळत नाही. मी तुमच्यासाठी येत होते."

काका चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले; गिऱ्हाइकाला तसं कधी करू द्यायचे नाहीत. मग म्हणाले, "आधी सांगायचंस की. इकडे येत जा मग. इथे पार्किंगला जागाही आहे."

त्यानंतर रविवारी मी बिबवेवाडीला जायला लागले. आम्ही गॅलरीत बसून चहा प्यायचो. काका समोरच्या सोसायटीच्या वॉचमनला, खालच्या भाजीवाल्याला, सगळ्यांना नावानिशी ओळखायला लागले होते, आणि वरून अदबीने टोमणे मारायचे. फुटबॉलचा विषय क्वचित निघायचा. तीन वर्षं अशी गेली, आणि माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले रविवार होते, हे मी कुणालाही सांगेन.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. क्लब अजून जिंकतो, असं ऐकते. रविवारी मला पहाटेच जाग येते. अंगाला सवय आहे, ती जात नाही. मी उठून बसते, आणि मला कुठेच जायचं नसतं.