रेहानाबाई आणि माझा पॉझिटिव्ह रिपोर्ट

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. रेहानाबाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर आम्हा दवाखान्यातल्या कुणाचाच विश्वास बसत नाही. आज मी त्यांच्याकडे रुग्णांचे नंबर लावते. पण पहिली ओळख झाली ती मीच रुग्ण असताना, तीही भलत्याच अवस्थेत.

मूल होत नव्हतं म्हणून औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये तपासण्या केल्या. रिपोर्ट आला नवऱ्याच्या मोबाइलवर. वाळूजच्या कारखान्यात जाणाऱ्या शिफ्टच्या बसमध्येच यांनी वाचलं: युरियाप्लाझ्मा, पॉझिटिव्ह. जननमार्गातले, शरीरसंबंधातून पसरणारे जंतू, एवढंच नेटवरून कळलं. सासूबाईंना तर फक्त 'पॉझिटिव्ह' कळलं. करोना नुकता ओसरलेला. त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि दाराबाहेर काढा ठेवू लागल्या. मला साधा खोकलाही नव्हता! हसावं की रडावं, समजेना. हे दाराशी येऊन एकच विचारत, "आलं कुठून हे?" मीही उलट तेच विचारी. माहेरी निघून जाण्यापर्यंत गोष्ट आली.

असला रिपोर्ट नवरा-बायकोला शेजारी बसवूनच समजावायचा, ही रेहानाबाईंची शिस्त. खोलीतून गुपचूप निसटून मी रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे एकटी गेले, तर त्यांनी परत पाठवलं. खूप राग आला. दुसऱ्या दिवशी हे आले, तोंड फुगवून.

"बेटा, हे जंतू लई जणांच्या अंगात असतात, कायबी त्रास न देता," बाई म्हणाल्या. "हिला तक्रार नाय, बाकी तपासण्या साफ हायेत. औषध नको."

औषधच नको? आमचा गोंधळ दुप्पट झाला.

"मग पॉझिटिव्ह कशाला लिहिलं?" यांनी विचारलं.

"सापडले म्हणून लिहिलं. सापडले म्हंजे आजार झाला, असं नाय."

"पण आले कुठून?"

"कधी आले, कुणाकडून आले, हे ह्यातून मलाबी कळत नाय. लग्नाआधीपासून असतील, दोघांपैकी कुणातबी. ह्याच्यावरून बायकोवर आळ घेऊ नका."

दुसरे घातक जंतू सापडले, तर याच बाई दोघांनाही लगेच औषध देतात. म्हणून पॉझिटिव्हचा अर्थ मला आजही दर वेळी नव्याने विचारावा लागतो. त्या न कंटाळता सांगतात. त्या दिवशी तर त्यांनी स्वतः सासूबाईंना फोन करून मला खोलीबाहेर काढायला लावलं.

परतताना यांनी गाडी बाजूला घेतली. "चुकलं माझं," म्हणाले आणि रस्त्यातच रडले. मीही रडले. आमचा संसार तुटता तुटता राहिला.

बाई, तुम्हाला निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. उद्याही एखादं घाबरलेलं जोडपं एकमेकांकडे पाठ करून येईल. त्यांना तुमच्यासमोर शेजारी बसायला मिळो.