एकतिसावी गाय

मी जंगलखात्याच्या कचेरीत बाबू आहे. बाई असले तरी बाबूच. आमच्या नागपुरात टेबलामागे बसणारा माणूस बाबू असतो, मग त्याने सफारी घातलेली असो की साडी नेसलेली. माझ्या टेबलावरून वाघ जातात, बिबटे जातात, रानडुकरांनी खाल्लेलं धान जातं, सगळं कागदावर. पंखा जोरात लागला की वाघ उडायला लागतात, मग मी त्यांच्यावर पेपरवेट ठेवते. एका हाताने वाघ दाबून दुसऱ्या हाताने डबा खाणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

माझे वडील मात्र आयुष्यभर खऱ्या जंगलात गेले, हातात नुसती काठी घेऊन. ते गावचे गायकी, गुरं चारणारे. गाव नागपूरपासून एसटीने दीड तासावर, रानाला खेटून. सकाळी घराघरांतली गुरं गावाबाहेर आखरावर जमायची आणि तिथून बाबा ती रानात न्यायचे. दुपारी रानातल्या गोठानावर सगळी बसायची. गोठान म्हणजे नाल्याकाठची मोहाच्या झाडांखालची मोकळी जागा. शाळेला सुट्टी असली की मी तिथे बाबांची भाकर घेऊन जायची. गाई डोळे मिटून रवंथ करायच्या, बाबा काठीवर हनुवटी टेकवून बसायचे, आणि मी त्या सगळ्या गाईंसमोर नाटक करायची. राणी मीच, राक्षसही मीच. इतकं शांत प्रेक्षकगृह मला पुढे कधी मिळालं नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. गायकी गुरं मोजत नाही. मोजलं की नजर लागते आणि एखादं कमी होतं, असं बाबा मानायचे. ते नावं घ्यायचे. संध्याकाळी रानाबाहेर निघताना, ज्या क्रमाने गाई यायच्या त्या क्रमाने: "ढवळी, ढवळीची कालवड, तांबी, भुरी, काबरी, मुंडी..." एका दमात सगळा कळप, आणि शेवटी आवाज थोडा खाली आणून, "अन् मागून चांदी."

चांदी आमच्या घरची. कपाळावर पांढरा टिळा. सगळ्यांच्या मागून यायची. कळप गावात पोचला तरी ही बाई शेवटच्या बोरीपाशी पाला निवडत उभी. दुकान बंद व्हायच्या वेळी आणखी दोन साड्या उलगडायला लावणारं गिऱ्हाईक असतं ना, तशी. सीताबर्डीच्या बाजारात मीही तेच करते. हा गुण मला तिच्याकडून आला असं आई म्हणायची.

मग रान बंद झालं. वन्यप्राण्यांसाठी राखीव झालं, चराईला मनाई झाली. आदेशाच्या प्रती मीच काढल्या, शिक्के मीच मारले, आमच्या गावच्या पाकिटावर गोंद मीच लावला. नोकरीत असं होतं. आदेश लागू व्हायच्या आदल्या संध्याकाळी कळप बाहेर आला आणि मागून चांदी आली नाही. बाबांना वाटलं, रेंगाळली असेल. सकाळी शोधायला गेले तर रानाच्या वाटेवर फाटक, फाटकावर गार्ड.

"काकाजी, आता आत नाही जाता येत."

"माही गाय हाय ना गा आत."

"आजपासून बंद हाय. मी का करू?"

बाबा चार दिवस फाटकाशी जाऊन बसले. पाचव्या दिवशी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "तुह्या हापिसातली चिठ्ठी आली." एवढंच. नंतर नऊ-दहा वर्षं ते उरलेली गुरं बांधाबांधानं चारत राहिले. म्हाताऱ्या गाई गेल्या, कालवडी मोठ्या झाल्या, नावं बदलली, पण संध्याकाळची यादी "अन् मागून चांदी" वरच संपायची. मी एकदा म्हटलं, "बाबा, ती आता कशी येईल?" तर म्हणाले, "मेलेली पाहिली का तू? मंग? अजून यायची हाय ते."

आणि मी? मी रोज त्या रानाचे नकाशे हाताळत होते. गोठानाची जागा नकाशात पेन्सिलच्या टोकाएवढी होती. कुणी नसलं की त्या टोकावर बोट ठेवून मी जरा बसायची.

मग आमच्याकडे एक नव्या मॅडम आल्या, कोल्हापूरकडच्या. त्या रानात फिरून आल्या आणि म्हणाल्या की गोठानाच्या बाजूचं गवत डोक्याएवढं वाढून वाळलंय, हरणांना कोवळं लागतं, त्यांनी तिकडे येणंच सोडलंय. थोडी गुरं चारली तर नवं फुटेल. कचेरीत नुसती धमाल.

"वाघाच्या घरी गाय पाठवून राहिले, बाप्पा," आमचे हेडक्लार्क म्हणाले. "सोबत मसाला पन द्याचा का?"

पण परवानगी निघाली. दिवाळीपासून होळीपर्यंत, फक्त आमच्या गावचा कळप, सगळ्या जनावरांना लस टोचून, ठरलेल्या भागात. एक अट मात्र कडक. जेवढी गुरं आत, तेवढी संध्याकाळी बाहेर. एकही कमी भरलं तर परवानगी रद्द, कारण आत राहिलेलं जनावर म्हणजे वाघाला गावाकडे यायचं आमंत्रण.

अर्ज मीच भरला. बाबांना फोन लावला, "जनावरांची यादी सांगा." त्यांनी सांगितली, तालात, एका दमात. मी टाइप करत गेले. त्यांच्या आवाजाने मी इतकी गोठानावर पोचले होते की बोटं काय करताहेत याकडे लक्षच नव्हतं. कागद निघाला, सही झाली. एकतीस जनावरं.

पहिल्या दिवशी मी रजा टाकून गेले. फाटक उघडलं तेव्हा गाईंनी मान वर करून वास घेतला आणि सगळ्या एकदम आत घुसल्या. धूळ, घंटा, शेपट्या. गार्ड कागद धरून "अरे, हळू! हळू!" ओरडत राहिला आणि शेवटी त्याने एकतीसवर बरोबरची खूण केली. त्या धुळीत कोण मोजणार?

गोठानावर पोचलो. मोहाची दोन झाडं गेली होती, नाला तोच होता. जागा मला लहान वाटली. बहुधा मीच पसरले. ज्या गाईंनी हे ठिकाण जन्मात पाहिलं नव्हतं त्याही दुपारी बरोबर तिथेच येऊन बसल्या. बाबांनी काठीवर हनुवटी टेकवली.

"कर ना वं तुह्यं नाटक," ते म्हणाले.

"बाबा, मी पन्नाशीची झाली."

"गाईले का कळते?"

मग केलं. साडी खोचून राक्षस केला, राणी केली. बाबा इतके हसले की खोकला लागला. एवढा आनंद झाला की मला रडायला आलं आणि ते मी राणीच्या भूमिकेत खपवून टाकलं.

संध्याकाळी फाटकाशी गार्ड हुशार झाला होता. दोर लावून त्याने एकेकच गाय सोडली. तीस. पुन्हा मोजली, तीस. त्याने लगेच फोन लावला. मॅडमची जीप आली, मागे चार वनमजूर.

"काका, कोणती राहिली?"

"चांदी," बाबा म्हणाले.

"शेवटची कुठे दिसली?"

"नाल्याच्या वळणावर, मॅडम. बोरीचा पाला खाऊन राहिली होती."

मॅडमनी माणसांना हाक मारली. कुणी बॅटऱ्या काढल्या, कुणी दोर. मी बाबांकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. चांदी खरंच तिथेच दिसली होती, दहा वर्षांपूर्वी. आज इतक्या वर्षांनी खातं जीप घेऊन त्यांची गाय शोधायला निघालं होतं, आणि त्यांचा चेहरा लग्नाच्या वरातीत असावा तसा उजळला होता. काठी घेऊन ते जीपच्या पुढे चालायलाही लागले.

मी गप्प राहिले असते तर? वळणावर गाय मिळाली नसती, परवानगी तिथेच संपली असती, आणि उद्यापासून तीस गाई पुन्हा बांधावर. मी जीपच्या आडवी झाले.

"मॅडम, ती गाय आज आत गेलीच नाही." आणि सगळं सांगितलं. आदेशाची आदली संध्याकाळ, फाटक, चार दिवस, फोनवर ऐकता ऐकता चांदीचंही नाव टाइप केलेली माझी यादी. चूक माझी, तेही सांगितलं.

मॅडम कागद घेऊन खाली उतरल्या. "काका, मला समजतंय. पण माझ्याकडे एकतीस लिहिलंय आणि उभी तीस आहेत. ती गाय पूर्वीच मेली, असं तुम्ही बयान द्या. मी यादी दुरुस्त करते. नाहीतर उद्या फाटक उघडता येणार नाही मला."

"मेली कशी म्हणू? म्या पाह्यली नाही."

"काकाजी, म्हणून टाका ना गा," गार्ड हळूच म्हणाला. हा तोच गार्ड, बंदीच्या पहिल्या सकाळी फाटकावर असलेला. आता त्याचेही केस पिकले होते.

बाबांनी मागे वळून पाहिलं. गाई रस्त्यात उभ्या होत्या, पोटं तट्ट, तोंडाला हिरवा फेस. कितीतरी वर्षांनी त्यांची पोटं अशी भरली होती. ढवळीच्या नातीने त्यांचा हात चाटला.

"लिवा," ते म्हणाले. "मेली."

मीच लिहिलं, माझंच अक्षर चांगलं म्हणून. त्यांनी खाली सही केली. मग कळपामागून चालताना नावं घेतली, "ढवळीची नात, तांबीची लेक, काबरीची कालवड..." शेवटच्या गाईपर्यंत आले, "अन्" म्हणाले आणि थांबले.

त्या हिवाळ्यानंतर गोठानावर कोवळं गवत आलं. हरणं आली, त्यांची नोंद माझ्या टेबलावरून गेली. परवानगी दरवर्षी निघते. कळप आता दुसरा गायकी नेतो. बाबांचे गुडघे गेले, म्हणून मी त्यांना माझ्या फ्लॅटवर आणलंय, विमानतळाजवळ, मिहानकडे. गॅलरीतून विमानं उतरताना दिसतात. बाबांना ती आवडत नाहीत, म्हणतात सगळी एकासारखी एक, नाव तरी काय ठेवणार.

दिवस कलायला लागला की ते गॅलरीत बसून यादी म्हणतात. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते आणि लाटणं त्याच तालात फिरतं. मला ती धूळ हवी असते, त्या घंटा, रवंथाचा तो ओला आवाज. आणि यादी दरवेळी तशीच अर्धवट लटकते. "अन्..."

एके दिवशी मला राहवलं नाही. पोळी तव्यावर टाकत मी आतूनच म्हटलं, "मागून चांदी."

गॅलरीतून आवाज आला, "कोन बोल्लं?"

"मी."

"लिवून देल्लं ना वं आपन? मेली म्हणून?"

"बयान तुमी देल्लं, बाबा. म्या नाही देल्लं."

दुसऱ्या दिवसापासून ते यादी जरा मोठ्याने म्हणायला लागले, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशी. "अन्" म्हणतात, आणि माझ्यासाठी थांबतात.