नामाच्या एकोणीस बाटल्या

नामानं जन्मात कधी बंदूक धरली नाही. तरी खालापूरच्या डोंगरकडेच्या त्या गावातून रानडुकराच्या शिकारीला माणसं निघाली की पहिली हाक त्यालाच जायची. शिकारीला कायद्यानं बंदी आहे, हे निघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून तर हाक हळू आवाजात असायची. बरोबर की चूक, ते ज्याचं त्यानं ठरवावं. नामाचं काम डुक्कर पडल्यावर सुरू व्हायचं. मांस टिकवायचं.

यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. रानात दोन दिवसांचा मुक्काम, वर ऊन, खाली धूळ आणि चाळीस किलो मांस. उत्साही मंडळी आधी काय करतात? ओढ्यावर नेऊन धुतात. असल्यांना नामा सरळ शिव्या घालायचा. "पाणी लागलं का सडलं. कोरडं पूस, सावलीला टांग, अंगातली ऊब जाऊ दे." ऊब गेली की मग बर्फाच्या पेटीत. ही निळी पेटी एका फार्महाऊसवाल्यानं जुनी झाली म्हणून टाकून दिलेली. तिच्या तळाला नामानं बांबूच्या कामट्यांची जाळी बसवली होती, म्हणजे मांस वर राहील आणि ओल खाली. बर्फ तो कधी सुटा टाकत नसे. थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी गोठवायचं, एकेक बाटली गोणपाटात गुंडाळायची आणि मांसाच्या कडेनं लावायची. अशा एकोणीस बाटल्या होत्या. नाक्यावर कमळ्याचं चिकनचं दुकान. त्याच्या फ्रीझरमध्ये त्या बारा महिने पडून असत. कमळ्या शिकारीतला जोडीदार, लहानपणापासूनचा.

"नाम्या, माझी कोंबडी बाहेर नि तुझं पाणी आत," कमळ्या म्हणायचा.

"कोंबडी रोजची हाय रं. बर्फाचं काय ठावं हाय तुला? बर्फ गारवा देत नाय. समोरच्याची ऊब घेतो, म्हणून इरघळतो."

"मोठा मास्तर लागून गेलास."

घरात मात्र या मास्तराचं काही चालत नव्हतं. त्याची बायको इंदूबाई मांसमच्छी शिवत नसे. लग्न करून आली त्याच वर्षी तिनं सांगून टाकलं होतं, "काय खायचं ते रानात खावा. तुमची टोपली नि तिच्यातली एक वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत यायची नाय." पुढे टोपली जाऊन पेटी आली, नियम तोच राहिला. एकेचाळीस वर्षं नामानं तो पाळला. पेटी गोठ्यात. रानातून आला की गोठ्यामागच्या दगडावर अंघोळ, आणि मगच घरात. भांडणं पुष्कळ झाली, पण या गोष्टीवरून एकदाही नाही.

वैशाखात इंदूबाई गेली. सकाळी भाकऱ्या थापताना छातीत कळ आली, आणि नामानं पाण्याचा तांब्या आणेपर्यंत सगळं संपलंसुद्धा. नऊ वाजले होते. मुलगी नम्रता भिसेगावहून तासाभरात पोचली. मुलगा मनोज मस्कतला वेल्डर. नामानं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, उद्या दुपारपातूर येतो. मला आईचं तोंड बघू द्या. थांबा."

"थांबतो," नामा म्हणाला.

म्हणायला म्हणाला. आदल्या संध्याकाळच्या वादळात विजेचे खांब आडवे झाले होते, नाक्यावर वीज होती पण गावात नव्हती. कर्जतहून प्रेत ठेवायची शीतपेटी आणली असती तरी उपयोग शून्य. दवाखान्यात ठेवू, असं कुणी सुचवलं, तर आईला परक्या जागी नको, असं नम्रता म्हणाली. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. जाणती माणसं कुजबुजायला लागली, "उरकून घ्यावं. पोराला फोनवर दाखवा." भली माणसं होती, वावगं काही बोलत नव्हती. तेवढ्यात दोघातिघांनी टेंपोतून मासळीबाजारातली बर्फाची लादी आणली. ती फोडून तुकडे थेट इंदूबाईच्या अंगावर, गळ्याशी, गालाशी रचायला सुरुवात केली. दहा मिनिटांत लुगडं भिजलं. पाण्याचा एक ओघळ कानामागून निघून केसांत शिरला.

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेला नामा उठला. "काढा ते. सगळं काढा."

"अरं पण नामा..."

"सांजच्यापातूर तोंड फुगंल तिचं. पोरगा येऊन कुणाला बघंल मग?" आणि तो कमळ्याकडे वळला. "बाटल्या घेऊन ये."

कमळ्याला कळायला जरा वेळ लागला. नम्रताला लगेच कळलं.

"त्या बाटल्या? डुकराच्या? आईनं जन्मभर उंबरा ओलांडू दिला नाय त्यांना. आज ती बोलत नाय म्हणून होय, बाबा?"

बायकोला दिलेला शब्द एकेचाळीस वर्षांचा, पोराला दिलेला तासाभराचा, आणि दोन्ही काही पाळता येणार नव्हते.

बाटल्या आल्या. चुलीतली राख घेऊन तो गोठ्यामागं दगडावर बसला आणि एकेक बाटली घासायला लागला. घासायची, धुवायची, पुसायची, पुन्हा राख. बोटं गारठून पांढरी पडली. चौथ्या बाटलीला नम्रता येऊन शेजारी बसली आणि तिनं पाचवी उचलली.

पेटीतली जुनी जाळी मात्र त्यानं घेतली नाही. बांबू तोडून नवी बांधली, खाटेएवढी. पहिल्या बाटल्या काखेत घेऊन आत जाताना तो उंबऱ्याशी थांबला. "इंदे, एवढी एक वेळ," म्हणाला, आणि आत गेला.

नम्रतानं आईला पुसून कोरडं लुगडं नेसवलं. खाटेवर जाळी, जाळीवर चटई, तिच्यावर इंदूबाई. बाटल्यांना या वेळी गोणपाट नाही. नामानं आपली धुतलेली धोतरं फाडून पट्ट्या केल्या. खाली, कुशीला, मानेच्या दोन्ही बाजूंना बाटल्या लावल्या, आणि गारवा धरून ठेवायला भोवती भाताच्या तुसाची पोती रचली. पट्टी ओली झाली की बदलायची. कमळ्या नाक्यावरून बर्फाच्या बांधलेल्या पिशव्या आणत राहिला. जी बाटली विरघळे ती नामा काढून भिंतीशी उभी करून ठेवी.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मनोज आला. बॅग अंगणातच टाकली. आत येऊन आईच्या गालाला हात लावला, कपाळावरचे केस सारखे केले. चेहरा होता तसा होता. भाकरी थापताना कुणी हाक मारली की व्हायचा तसा, जरासा त्रासिक. मनोज बघत राहिला. मग त्याची नजर खाली गेली. कामट्यांची जाळी, पट्ट्यांच्या गाठी. लहानपणी बाप गोठ्यात पेटी भरताना त्यानं त्याच गाठी पाहिल्या होत्या.

"बाबा, हे तर तुमी शिकारीला..." त्यानं एका गाठीवर बोट ठेवलं.

"दुसरं काय येतं रं मला," नामा म्हणाला.

दोन वाजता तिला नेलं.

तेरावं झालं. मनोज मस्कतला परत गेला. नम्रता निघण्याआधी घर आवरत होती, तेव्हा कमळ्या आला. पावसाआधी एकदा रानात जायचं घाटत होतं, पण ते सरळ विचारायचं कसं?

"नाम्या, फ्रीझर रिकामाच हाय रं," तो म्हणाला.

"पेटी गोठ्यात हाय, ती ने. बाटल्या नाय."

बाटल्या माजघरात होत्या, भिंतीशी ओळीनं, एकोणीसच्या एकोणीस. पाण्यानं भरलेल्या.

"बाबा, पाणी तरी ओतून टाकते," नम्रता म्हणाली.

"ऱ्हाऊ दे गं." "तिची ऊब हाय त्यात."

कमळ्या पेटी न घेताच गेला. नम्रता खाली वाकली. एका बाटलीचं बूच सैल झालं होतं, तेवढं तिनं पिळून घट्ट केलं.