घारी चाळीस, विमान परत

देवचंद बिऱ्हाडे पाखरं हाकायचा. शेतातली नव्हे, विमानतळावरची. गावाच्या शिवेला लागून धावपट्टी झाली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, खिशात सुतळी बॉम्ब आणि काखेत नोंदवही. कोणतं पाखरू, किती, कुठे बसलं, कशाने उठलं, सगळं तो वहीत लिहायचा. ती वही कोणी वाचायचं नाही. तरी अक्षर मात्र शाळेच्या फळ्यावर शोभेल असं.

मंगळवारी त्याने लिहिलं, ‘पूर्वेच्या भिंतीबाहेर मेलेली म्हैस. घारी बारा.’ खाली म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबरही उतरवला. ठेकेदाराचा मुकादम नवल, त्याला तोंडीही सांगितलं. नवलने मान हलवली आणि चहाला गेला. बुधवारी घारी चाळीस झाल्या. विमान यायची वेळ झाली, शिट्ट्या झाल्या, फटाके संपले. घारी उठायच्या आणि पुन्हा तिथेच फिरायच्या. शेवटी त्याने मनोऱ्याकडे लाल झेंडा दाखवला. विमानाने वर पाच घिरट्या घातल्या आणि ते इंदूरला निघून गेलं. एवढीच गोष्ट. एखादी घार इंजिनात शिरली असती तर सगळ्यांवर बेतलं असतं. विमानातली माणसं इंदुरात उतरून जेवली.

पण एवढ्यावर भागेल तर ते लोक कसले! संध्याकाळपर्यंत मोबाइलवर नुसता ऊत आला. कोणी म्हणे सीटखाली सोनं होतं, कोणी म्हणे आत एका बड्या माणसाचं प्रेत होतं. चोपड्याच्या एका निवृत्त मास्तरने घिरट्यांचा नकाशा काढून त्यात शत्रूची खूण शोधली. धरणगावच्या एकाने तर विमानातून कपाशीत पेट्या पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. चार दिवस विजेची तार लोंबकळत असते तेव्हा हे डोळे कुठे जातात कोण जाणे.

मग रस्त्यावरून कोणीतरी काढलेला फोटो आला. लाल झेंडा हातात घेतलेला माणूस आणि त्याच्याभोवती गोल. हा कोणाला खुणावतोय? तासाभरात नाव सापडलं. मग आडनाव सापडलं, आणि मग मात्र लोकांच्या देशप्रेमाला जो जोर चढला तो इथे लिहिण्याजोगा नाही. देवचंदची मुलगी प्रज्ञा जळगावला नर्स आहे. तिच्या वॉर्डात तो फोटो हातोहात फिरला. फोनवर ती रडत नव्हती, चिडली होती. बाबा, तुम्ही काहीतरी बोला, एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी नवल दोर घेऊन आला. उद्या साहेब तपासणीला येणार, तोवर म्हैस ओढून नाल्यात टाक, म्हणाला. नाही टाकली तर उद्यापासून येऊ नकोस. देवचंद म्हणाला, पाखरं हाकणं माझं काम, हे नाही. नवल हसला.

“तुम्हा लोकांना जमतं ते. आम्हाला कुठे येतं?”

देवचंदच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, त्याच आठवड्यात मेलेली गुरं ओढायचा दोर गिरणा नदीत सोडून दिला होता. गावाने सहा महिने त्यांचं दळण बंद केलं. घर कण्या शिजवून जगलं, पण दोर परत घरात आला नाही. आणि आता हा चहाला पळणारा मुकादम नवा दोर घेऊन उभा! देवचंदने दोराला हात लावला नाही. वही उचलली आणि तडक गुरांच्या दवाखान्यात गेला. बिल्ल्याचा नंबर दाखवून मालकाचं नाव विचारलं. निघालं चुडामण आबांचं. गावातले मोठे बागायतदार. पन्नाशीच्या देवचंदला अजून देव्या म्हणायचे.

आबांचा मुलगा स्वप्नील मोबाइलवर बातम्या सांगायचा. संध्याकाळी तो ओट्यावर बसून थेट बोलत होता, कोण आहे हा लाल झेंडेवाला, प्रशासन उत्तर देईल का? लहानपणापासून देवचंदला रोज पाहणारा हा पोरगा! देवचंद ओट्यावर चढला आणि मोबाइलसमोर उभा राहिला.

“तो मी शे,” म्हणाला. “बठ्ठं जग इचारी राह्यनं, इमानमा कोन व्हतं. भिंतजोडे काय पडेल शे, हाई एकनी बी इचारं नही.”

आणि वही उघडून त्याने वाचलं. तारीख, वेळ, घारी चाळीस, विमान परत. बिल्ल्याचा नंबर, एकेक आकडा सुटा सुटा. शेवटी मालकाचं नाव. स्वप्नीलचं बोट बंद करायच्या खुणेवर गेलं आणि तिथेच अडकलं. सात हजार लोक बघत होते. एवढी गर्दी त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती, ती मोडवेना. बापाचं नाव पूर्ण होईपर्यंत त्याने मोबाइल धरून ठेवला.

सकाळी नवलचा फोन आला. साहेबांना वही बघायची आहे, लवकर या भाऊ. अकरा वर्षांत पहिल्यांदा भाऊ.

देवचंद वही घेऊन भिंतीशी पोचला तेव्हा आबांचा ट्रॅक्टर तिथे उभा होता. साहेब नाकाला रुमाल लावून लांब थांबले होते. स्वप्नील म्हशीच्या पायांना दोर गुंडाळत होता आणि तो दर वेळी निसटत होता. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा आबांनी देवचंदकडे पाहिलं.

“देव्या, गाठ कशी मारतस, दखाड तरी.”

देवचंद जागचा हलला नाही.

“मन्हा आजानी मन्हा बापले शिकाडं नही, आबा. बापनी मले नही,” तो म्हणाला. “आते तुमले शिकनं पडी.”