गिऱ्हाइकाकडे तोंड असलेला स्क्रीन

बुलढाण्याजवळच्या धाड गावात आमचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. वडील गेल्यावर घरातलं सगळं मोठ्या भावाच्या हातात आलं, दुकानही. दादा मागच्या खोलीत कटरवर कार्डं कापायचा आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. डिझाइन सगळं माझं. कॉम्प्युटरला तो हात लावायचा तो फक्त मेसेज पाहायला.

दुकानात एक कायदा होता आणि तो मी केला होता. एकदा एका पत्रिकेत नवरदेवाच्या थोरल्या काकाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं. थोरले काका मांडवात पाय न ठेवता बाजारात भजे खात बसले. दोष कोणाचा? दुकानाचा! मजकूर गिऱ्हाइकाच्याच हातचा, पण ऐकतो कोण. मग मी बुलढाण्याहून एक जुना स्क्रीन आणायला लावला, माझ्याच कॉम्प्युटरला जोडला आणि काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला. माझ्याकडे त्याची पाठ. पत्रिका झाली की मी ती तिकडे सरकवायची, गिऱ्हाइकानं स्टुलावर बसून पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायची, मी त्यांनी पाठवलेला मजकूर समोर धरून ऐकायची. मग कच्च्या प्रिंटवर त्यांची सही. सही नाही तर छपाई नाही.

त्या वर्षी ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरमधल्या दोन प्रोग्रामांचं भांडण लागलं. डिझाइनचा प्रोग्राम उघडला की मेसेजचा गायब. खालच्या पट्टीवर त्याचं चिन्ह दिसायचं, दाबलं की उजळायचं, पण खिडकी काही वर यायची नाही. लोकांचे मजकूर मेसेजवरच यायचे, म्हणजे कामच अडलं. दादा म्हणायचा, मशीन जुनी झाली, बंद करून चालू कर. मी दिवसातून चारदा करायची. कधी तो स्वतः येऊन बसायचा, मला चहा घ्यायला पाठवायचा, आणि परत येते तर खिडकी बरोबर जागेवर. मला वाटायचं, दादाचा हातगुण आहे. काय भोळी होते मी!

त्याच महिन्यात माझं दुसरंही एक अडलेलं होतं. लोणारचं स्थळ आलं होतं, मुलाच्या मामांनी आणलेलं. मुलाचा फोटो स्टुडिओ होता. पाहायला आला तेव्हा त्यानं मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. विचारलं, एवढ्याशा कार्डावर एवढी नावं बसवता कशी? मी म्हटलं, भाऊबंदकी सांभाळून. तो हसला, मीही हसले. मला तो आवडला होता, उगाच आडपडदा कशाला ठेवू. त्याच दिवशी मी दादाला सांगितलं, माझा होकार कळवून टाक. कळवतो म्हणाला. मग मी रोज विचारायची आणि रोज एकच उत्तर. त्यांच्याकडून काहीच नाही बाई, मोठी माणसं, सवडीनं सांगतील. महिना गेला. मी आरशात पाहून स्वतःतच खोट काढायला लागले होते.

एका दुपारी रोहिणखेडचे एक आबा नातीची पत्रिका वाचायला आले. चार नावं राहिली होती, ती त्यांच्या मुलानं मेसेजवर पाठवली होती. आणि मेसेज पुन्हा गायब. दादा मागे कटरवर होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आज या भांडणाचा निकाल लावायचाच. बुलढाण्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्यानं एकेक विचारत नेलं. वायर घट्ट आहे का, दुसरा स्क्रीन चालू आहे का. मी म्हटलं, नाही, पत्रिका वाचायची नसली की भाऊ बंद करून ठेवतो, वीज वाचते म्हणून.

तो हसायला लागला. म्हणाला, बटण बंद केलं तरी कॉम्प्युटरला तो स्क्रीन आहेच असं वाटतं. तुमची खिडकी कोणी तरी तिकडे सरकवली असेल, ती तिथंच अंधारात उघडी असणार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी फोन ठेवला, काउंटरवरून हात लांबवून बटण दाबलं. आणि सवयीनं म्हणून गेले, "आबा, दिसते का काही? वाचा मोठ्यानं."

आबांनी चष्मा नीट केला. कायदा त्यांना माहीत होता, आधीच्या दोन लग्नांत त्यांनी असंच वाचलं होतं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी सुरुवात केली.

"वर लिवलं हाये, लोणारचे मामा. खाली हाये, मुलाला मुलगी पसंत आहे, तुमचा विचार कळवा. त्याच्या खाली, मुलीचा नकार आहे. तिला दुकान सोडायचं नाही. तुम्ही दुसरीकडे पाहा."

मागे कटरचा आवाज थांबला.

"आन् हे आजचं दिसते. मुलाचं दुसरीकडे जमलं. पत्रिका तुमच्याच दुकानात करू, बहिणीचा हात चांगला आहे." आबा थांबले, स्क्रीनच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, हे बी पत्रिकेत टाकायचं हाये का?"

नाही आबा, म्हटलं. दादा दारात उभा होता, हाताला कागदाचा भुसा. मी त्याला विचारलं, "मी कधी नाही म्हटलं?"

त्यानं हात पँटला पुसले. मग म्हणाला, "तू गेली असती तं दुकान कोनं पाह्यलं असतं? म्हटलं, एवढा सीझन निघू दे."

सीझन! माझा जन्म याच्या सीझनमध्ये बसवला यानं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. यानं केसानं गळा कापला, आणि वरून महिनाभर मलाच समजावत होता की मोठी माणसं सवडीनं सांगतात. मी आबांची चार नावं टाकली, पत्रिका वाचून घेतली, सही घेतली. घरी गेल्यावर जेवले नाही.

तीन दिवसांनी लोणारच्या त्या मुलाच्या पत्रिकेचा मजकूर आला. दादा म्हणाला, हे काम दुसऱ्या दुकानात देऊन टाकू. मी म्हटलं, काऊन? हात चांगला आहे ना माझा? आणि केली. थोरले, धाकटे, मामा, आत्या, एक नाव इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. मग ती समोरच्या स्क्रीनवर सरकवली आणि दादाला हाक मारली.

"बस स्टुलावर. वाच. मोठ्यानं."

तो बसला. मुलाच्या नावापाशी अडखळला. मी म्हटलं, पुढं. त्यानं मुलीचं नाव वाचलं, मुहूर्त वाचला, खालची भाचरांची ओळही वाचली, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं. मी कच्ची प्रिंट आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं.

"आपल्याच दुकानात माही सही कायले?" तो म्हणाला.

"मजकूर बरोबर हाये म्हणून. कायदा सगळ्यांले सारखा."

त्यानं सही केली. उद्या भांडण निघालं तर दाखवायला असे कागद आम्ही वर्षभर ठेवायचो, मग रद्दीत घालायचो. तो एक कागद मी अजून घातलेला नाही.