हद्दीच्या दगडापाशी

आमच्या गावाबाहेर एक माळ आहे. एके काळी तिथे दोन राज्यांची हद्द होती, आणि त्या हद्दीपायी तिथे मोठी लढाई झाली. हद्द पुढे कुठल्या कुठे सरकली, राज्यंही गेली, माळ तेवढा राहिला. मधोमध हद्दीचा दगड, खाली ओढा, पलीकडे टेकडी. पाखरं तिथे उतरतात, पण आवाज करत नाहीत. माझा जन्म त्या माळाच्या कडेला गेला आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबायला हरकत नाही.

या माळाचे फोटो काढण्यात काचवाले मामांची हयात गेली. बाजाररस्त्यावर त्यांचं दुकान. पुढे लाकडी फळी, मागे डार्करूम, मध्ये जाड काळा पडदा. फिल्म आली, मोबाईल आला, पण कॅमेऱ्यात घालायची मसाला लावलेली काच मामांनी सोडली नाही. गाव त्यांना हसायचं आणि त्यांच्याच फोटोंनी आपल्या भिंती सजवायचं.

माळ बघायला माणसांची रीघ लागायची, पण फोटो मात्र प्रत्येकाला निर्मनुष्य हवा असायचा. लढाई संपल्यावरच्या संध्याकाळी दिसला असेल तसा. मामा भिंगापुढे उजेड कमी करणारी काळपट काच बसवायचे आणि झाकण इतका वेळ उघडं ठेवायचे, की तेवढ्यात घरी चहा उकळून, गाळून, पिऊन व्हावा. त्या वेळात जो चालता राहील तो काचेवर उमटत नाही. थांबेल तो उमटतो.

म्हणून मामी माळावर असायच्या. गडद शाल खांद्यावर, पायात जुन्या वहाणा, आणि सारखी ये-जा. कुणी रेंगाळलं की लगेच हाक, "थांबू नका हो, चालत राहा!" माणसं चमकून पुढे सरकायची. मामी सगळ्या गर्दीला फोटोतून हाकलायच्या आणि स्वतःही कधी त्यात यायच्या नाहीत. दुकानात बसून त्या म्हणायच्या, की मेलेल्यांचा माळ राखायला यांनी मला जिवंत ठेवलंय. मामा मिशीत हसायचे.

एकदा काच धुऊन फोटो छापल्यावर हद्दीच्या दगडापाशी एक काळसर डाग निघाला. मामी थांबल्या होत्या. मामांचा पारा चढला. हवा स्वच्छ, उजेड मनासारखा, आणि घरच्याच माणसाने काच नासवली.

"जरा दम लागला होता," मामी म्हणाल्या.

"मग दगडाच्या मागे जाऊन घ्यायचा," मामा म्हणाले.

त्या हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. मामांनी बारीक कुंचल्याने काचेच्या मागच्या बाजूला, डागाएवढ्याच जागेवर, पातळ लाल रंग भरला. लाल रंग उजेड अडवतो, म्हणून फोटोत तिथे गवताचाच रंग आला. तो फोटो फार खपला.

दम पुढे वाढत गेला. दवाखाने झाले. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे? मामांना सांगता आलं नाही. वर्षभरात मामी गेल्या.

लेक दूरच्या शहरात असते. दिवसकार्य झाल्यावर निघताना तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली. आईचा एक फोटो. तिची धाकटी आता कुठे बोलायला लागली आहे, तिला आजी दाखवायची कशी? मामांनी सगळी कपाटं उपसली. लग्नातला फोटो वाळवीने कधीच संपवला होता. माळ पाहिजे तेवढा होता, सगळ्या ऋतूंतला, सगळ्या उजेडातला. मामी कुठेच नव्हत्या.

"बाबा, तुम्ही अख्ख्या गावाचे फोटो काढलेत," ती एवढंच म्हणाली.

मग मामांना ती काच आठवली. मी तेव्हा दुकानात होतो. त्यांनी ती खिडकीपाशी धरली, ओल्या फडक्याने मागून हळूहळू पुसायला घेतली. दुसऱ्या बाजूने मी काच धरून राहिलो. पाण्यात लाल रंग उतरला. पडद्याआड जाऊन त्यांनी कागद छापला आणि ओलाच बाहेर आणला.

दगडावर हात टेकून मामी उभ्या होत्या. शालीतून पाठीमागचं गवत दिसत होतं, ओढा दिसत होता. अंग असं विरळ, की फुंकर घातली तर जाईल. चेहरा मात्र स्पष्ट. तो हललाच नव्हता. थांबल्या तेवढा सगळा वेळ त्या कॅमेऱ्याकडे, म्हणजे मामांकडे बघत होत्या.

लेकीने विचारलं, "तुम्हाला दिसलं नाही?"

"मी घड्याळ बघत होतो," मामा म्हणाले.

तिने कागद वाळू दिला, छातीशी धरला आणि गाडी गाठली. जाताना वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताचा अर्थ मला लागला नाही, मामांना लागला असावा.

आता मामा माळावर जात नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याच एका काचेवरून फोटो छापून देतात. रिकामा माळ हवा असेल तर दुसरं दुकान बघा म्हणतात. परवा एका पाहुण्याने फोटो खिडकीपाशी नेऊन निरखला. मग हळूच त्याने विचारलं, की हे लढाईतलं कुणी आहे का, असं अजून दिसतं का तिथे?

मामांनी फोटो कागदात गुंडाळला, दोरा बांधला.

"नाही," ते म्हणाले, "घरचं माणूस आहे. जरा दम घ्यायला थांबलंय."