मोटरीचा फोन

माझं एक मत आहे आणि ते मी कुणालाही ऐकवते. यंत्रानं काम करावं, बोलू नये. आमचं वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाले की गाणं म्हणतं. म्हणजे काम केलं म्हणून त्याचं कौतुक करायचं. मी पहाटेपासून घरादाराचं करते, मी कधी गाणं म्हटलंय? टीव्ही मधेच विचारतो, तुम्ही अजून बघताय का. मोबाईलचा नकाशा आमचं घर विहिरीत दाखवतो आणि पार्सलवाला कठड्याशी उभा राहून "मॅडम, लोकेशनवर तर पाणी आहे" असं मलाच फोन करून सांगतो. आमचे हे म्हणतात, तुला नव्या गोष्टींचं वावडं आहे. मला नव्याचं वावडं नाही, बडबडीचं आहे, आणि ती घरातली माणसं करतात तेवढी पुरे आहे.

मी लोणंदची, लग्न करून कडेगावकडे उसात आले. सासरे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. शेजारच्या घरात त्यांचे धाकटे भाऊ, माझे चुलतसासरे. मध्ये एक भिंत, मागे एक विहीर आणि विहिरीवर दोघांत मिळून एक मोटर. पाण्याची पाळी ठरलेली, चार दिवस आमच्या उसाला, चार दिवस त्यांच्या.

मी जे सांगतेय त्या वेळी या दोघा भावांचं बोलणं तीन-चार वर्षं बंद होतं. कारण सांगितलं की पाहुणे हसतात, पण आम्हाला हसू येत नसे. भावकीचा मोबाईलवर एक ग्रुप होता आणि सासरे त्याचे अ‍ॅडमिन. ते पद त्यांनी बढतीसारखं घेतलं होतं. सकाळी सहाच्या आत कुणी काही टाकायचं नाही, लग्नपत्रिका आली की प्रत्येकानं पोच द्यायची, असे हुकूम निघायचे. धाकट्यांना नाद फुलांचा. गुलाब, कमळ, दवबिंदू, त्यावर शुभ सकाळ, आणि हे सगळं साडेपाचला. दोनदा ताकीद झाली. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी त्यांना ग्रुपमधून काढलं. आठ दिवस शिक्षा भोगू दे, मग परत घेऊ, असा त्यांचा हिशेब होता.

पण धाकटे त्या वेळी व्याह्यांच्या ओसरीवर बसले होते. फोनवर ओळ उमटली, काढून टाकले. ती व्याह्यांनीही वाचली. धाकट्यांनी फोन खिशात घातला, चहा तसाच ठेवला, आणि घरी येऊन जाहीर केलं, "दादानं मला भावकीतनं काढलं."

ग्रुप वेगळा आणि भावकी वेगळी, हे मी त्यांना परोपरीनं समजावलं. त्यांना पटेना. भावकीतली सगळी माणसं त्यात, मग ती भावकी नाही तर काय? ज्यानं काढलं त्यानं दारात येऊन परत घ्यावं, हा त्यांचा हट्ट. सासरे म्हणायचे, "मोबाईलवर यायला आता काय अक्षता घिऊन जाऊ?" झालं. दोघंही एकाच हट्टाचे, एका आईचे म्हणून शोभायचे.

मधल्या मध्ये मी सापडले. सासरे अंगणात, धाकटे भिंतीपलीकडे, दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतंय, तरी सासरे म्हणणार, "सूनबाई, त्यांला सांग, आज पाळी आमची हाय." मी तोंड उघडायच्या आत पलीकडून, "त्यांला म्हणावं, ठावं हाय." मी काय पोस्टखातं होते? वैताग यायचा, पण खरं सांगते, त्याहून जास्त वाईट वाटायचं. नवी सून म्हणून आले तेव्हा हे दोघे एका ताटात जेवायचे. कुणीतरी एकानं एक शब्द सरळ बोलावा, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग आमच्या ह्यांनी विट्याहून मोबाईलचा स्टार्टर आणला. उसाकडच्या माणसांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. विहिरीवर एक पेटी बसवतात, तिच्यात सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटर चालू होते. लाईट आली, मोटर चालू झाली, लाईट गेली, पाणी संपलं, की पेटी आपण होऊन फोन करते आणि बोलते. म्हणजे बघा, विहीरसुद्धा आता बोलणार होती.

बसवायला आलेला मेकॅनिक मोठा हौशी. तो म्हणाला, कंपनीचा आवाज नको असला तर घरच्या मालकाचा भरता येतो. सासरे उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. आवाज भरायला इस्त्री कशाला, असं विचारायची माझी छाती झाली नाही. पेटीसमोर ताठ उभं राहून त्यांनी परेडवर द्यावेत तसे चार हुकूम दिले. "लाईट आली!" "मोटर चालू!" "लाईट गेली!" चौथ्याला मेकॅनिकनं तीनदा थांबवलं, तेव्हा ते वैतागून ओरडले, "पाणी न्हाई! बंद कर!" आणि नेमकं तेच भरलं गेलं.

मग मेकॅनिक म्हणाला, विहीर दोघांची आहे तर दोघांचे नंबर घालायला हवेत. सासरे म्हणाले, "घाल की. पाण्यात आडवं यायचं न्हाई आपल्याला." तो गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आता रोज आपला आवाज कुणाच्या कानात जाणार आहे. ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चुलतसासू भिंतीशी आल्या. "अगं, तुझ्या मामांनी सकाळच्या पारी फोन करून ह्यांला दरडावलं. बंद कर म्हनं. ह्ये तवापास्नं जेवलं न्हाईत." मी सांगितलं, ते मामा नव्हेत, मोटर आहे. त्या आत जाऊन सांगून आल्या आणि परत भिंतीशी. "ह्ये म्हंत्यात, मोटर असू दे, आवाज कुनाचा हाय?"

 

इकडे सासऱ्यांनाही फोन यायचे, स्वतःचेच. ते पूर्ण ऐकायचे, मोटरीनं ठेवल्याशिवाय ठेवायचे नाहीत. एकदा फोन खाली ठेवून म्हणाले, "बोलतोय बरा, पन आवाजात दम कमी हाय." मी हसू दाबत आत पळाले.

धाकट्यांचं मात्र काहीतरी वेगळंच सुरू झालं. फोन वाजला की ते खाटेवरून उठून उभे राहायचे. आधी नुसते ऐकायचे. मग चुलतसासू सांगायला लागल्या की हे आता उत्तर देतात. पलीकडून "लाईट आली!" की हे म्हणणार, "व्हय दादा, आली." "मोटर चालू!" की, "बरं हाय, चालू दे." पुढंपुढं पेटीनं फोन ठेवला तरी हे बोलतच राहायचे. नात चालायला लागली. गुडघा लय ठणकतोय. ह्या साली उसाची तोड लवकर येईल असं दिसतंय. चुलतसासू तोंडाला पदर लावून हे मला सांगायच्या, आणि आधी आम्ही दोघी हसायचो, मग दोघींचंही हसू थांबायचं.

मी हे सासऱ्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेऊन "बरं" म्हटलं असतं आणि पुन्हा मीच पोस्टखातं झाले असते. शिवाय ते बोलणं माझ्यासाठी नव्हतंच.

हळूहळू धाकट्यांच्या पाळीत मोटर फार वेळा चालू-बंद व्हायला लागली. पाच मिनिटं चालू, बंद, पुन्हा चालू. फोन यावा म्हणून. लाईट असेतो ते हेच करायचे. त्यांचा ऊस पाण्यात उभा राहिला, सऱ्या भरून पाणी बांध ओलांडून आमच्याकडे आलं. आमचे हे चिखलात पाय रुतवून घरी आले. "काका भात लावतात का काय?" सासरे बांधावर जाऊन ते पाणी बघून आले. भांडण होईल असं वाटलं, पण त्यांनी पाय धुतले आणि जेवायला बसले.

असं किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण एका दुपारी लाईट दणक्यानं आली आणि पेटीतलं सर्किट जळालं. मेकॅनिकनं नवं बसवलं. सासरे त्या दिवशी कराडला दवाखान्यात गेलेले, त्यामुळे आवाज भरायचा राहिला. कंपनीचा आला. एक बाई, अतिशय शुद्ध, अतिशय नम्र. "नमस्कार. आपल्या पंपाचा वीजपुरवठा सुरू झालेला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, सासरे ओसरीवर चहा पीत होते, आणि फाटक वाजलं. धाकटे आत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चप्पल एकाच पायात, हातात फोन, चेहरा लाल. सवयीनं माझ्याकडेच बघून ओरडले, "सूनबाई, त्यांला इचार, ही बाई कोन?"

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. तेही माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांला सांग, कंपनीची हाय."

"म्हणावं, मला बाई नगं. आवाज का बदलला? आता तिथनं बी काढलं व्हय मला?"

माझ्या हातात झाडू होता. इतक्या वर्षांचा वैताग तिथं वर आला. मी झाडू तिथंच टाकला आणि म्हटलं, "मला काही ऐकू येत नाही. माझे कान गेले." आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. दाराला कान लावून उभी राहिले. 

आधी कप सरकवल्याचं ऐकू आलं. मग सासऱ्यांचा आवाज आला, हुकमाचा नाही, साधा. "काढलं न्हाई रं. सर्किट जळलं."

"मग फुलांपायी का काढलंस तवा?"

"साडेपाचला कोन फुलं टाकतं गड्या?"

"तुला फौजेत साडेपाचला उठवत हुते, तवा गोड लागत हुतं?"

आणि मग जे भांडण सुरू झालं! आवाज चढले, फुलं निघाली, व्याही निघाले, लहानपणची कुठलीशी सायकल निघाली, आजोबांनी कुणाला जास्त मारलं ते निघालं. गल्लीतली माणसं फाटकाशी जमली. आमचे हे घाबरून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, जा, सोडव त्यांना. मी म्हटलं, खबरदार, कुणी मध्ये पडाल तर. मी ओट्याला टेकून रडत होते, आणि हसतही होते, आणि दोघांसाठी भाकरी थापत होते.

उन्हं वर आली तेव्हा धाकटे उठले. भाकरी खाल्ली नाही, रागात होते ना. फाटकापर्यंत गेले, वळले आणि बोट रोखून म्हणाले, "दादा, माझं अजून संपल्यालं न्हाई. उद्या येतो."

सासरे म्हणाले, "लवकर ये. दुपारी मी झोपतो."